पीपीटी नको, पेज द्या

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. आमची बिल्डिंग नेरूळला, सिडकोने बांधलेली, जिन्याच्या स्लॅबमधून सळ्या दिसतात, पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या लागतात, जास्त सांगत नाही कारण नवी मुंबईत ज्याला विचाराल त्याच्या घरी हीच कथा चालू आहे. पार्किंगमध्ये खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर, पडदा म्हणून गणपतीच्या मंडपाचं पांढरं कापड, आणि पीएमसीकडून, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटकडून, आलेला एक चुणचुणीत मुलगा. त्याने पन्नास मिनिटांत ४२ स्लाइड दाखवल्या. बोलला छान, अगदी प्रत्येकाकडे बघून बोलला, टाळ्या पण पडल्या. मग वडे आले आणि वड्यांबरोबर प्रश्न संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर दुसऱ्या मजल्यावरचे काका गेटपाशी. म्हणाले, "अगं, काल सगळं कळलं असं वाटलं होतं, रात्री हिला सांगायला बसलो तर एक गोष्ट धड सांगता येईना. भाडं किती महिने देणार म्हणाला तो?" घरं पाडून नवी होईपर्यंत बिल्डर जे भाडं देतो, त्याचं विचारत होते ते. मलाही सांगता येईना. आणि मी तर पीपीटी बनवूनच पोट भरते! ऐरोलीला एका कंपनीच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे, चौदा वर्षं झाली, दिवसभर बॉक्स एका रेषेत आणायचे आणि चांगल्या वाक्यांची मुंडकी उडवून त्यांचे बुलेट करायचे. मुंडकी नाही खरं तर, शेपट्या. त्यावर येतेच.

सेक्रेटरींनी ती फाइल ग्रुपवर टाकली. ४८ एमबी. कोणाच्या फोनमध्ये जागा नाही, कोणाकडे उघडली पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा, कोणाकडे नीट उघडली तर अक्षर मुंगीएवढं. हे मुंगीचं गणित साधं आहे. पॉवरपॉइंटची आजची स्लाइड १३.३३ इंच रुंद धरलेली असते, आपला फोन उभा धरला तर रुंदी पावणेतीन इंचाच्या आसपास, म्हणजे सगळं पाचपट लहान झालं, पडद्यावर ऐटीत दिसणारं १८ पॉइंटचं अक्षर फोनवर साडेतीन-पावणेचार पॉइंटचं. मग दोन बोटांनी मोठं करा, डावीकडून उजवीकडे ओढत न्या, ओळ संपली की परत डावीकडे या, तेवढ्यात स्लाइडच पुढे सरकते. सत्तरीच्या माणसाला हे कोण करायला सांगणार?

म्हणून म्हटलं, मी याचं वेबपेज करते. साधं, फुकटातलं, लिंक दाबली की उघडणारं, अक्षर फोनच्या मापाने आपोआप मोठं होणारं. रविवारच्या दुपारचं काम वाटलं होतं. तीन रात्री गेल्या. आणि त्या तीन रात्रींनंतर माझं मत असं झालंय की ज्या गोष्टीवर लोकांनी मत द्यायचंय, सही करायचीये किंवा हरकत नोंदवायचीये, ती गोष्ट नुसती स्लाइडमध्ये देणं बंदच व्हायला पाहिजे. मीटिंगमध्ये दाखवा की खुशाल, कोण नाही म्हणतंय, पण तीच माहिती पूर्ण वाक्यांत, फोनवर वाचता येईल अशा पेजवर, मीटिंगच्या आधी लोकांच्या हातात असली पाहिजे. सोसायटी असो, शाळेची फी असो, महापालिकेचं बजेट असो.

कारण अडचण फाइलच्या साइझची नाहीये, अक्षराच्या आकाराची पण नाहीये. अडचण क्रियापदाची आहे.

स्लाइड ११ वर लिहिलं होतं: ‘कॉर्पस – प्रति सभासद – टप्प्याटप्प्याने’. कॉर्पस म्हणजे रिडेव्हलपमेंटमध्ये मिळणारी ठोक रक्कम. पडद्यावर बघताना माना डोलल्या सगळ्यांच्या. आता याचं वाक्य करून बघा. कॉर्पस कोण देणार? बिल्डर, ठीक आहे. कोणाला, सभासदाला हातात की सोसायटीच्या खात्यात? टप्पे किती आणि शेवटचा टप्पा चाव्या मिळायच्या आधी की नंतर? आणि मुख्य म्हणजे, ‘देणार’ की ‘देईल’ की ‘देता येईल’ की ‘देण्याचा प्रस्ताव आहे’? मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि स्लाइडवर जागा कमी पडली की कात्री पहिली तिथेच चालते. मी स्वतः चालवते ना रोज, म्हणून छातीठोकपणे सांगते. ती शेपटी कापली की बुलेट दिसायला एकदम सुटसुटीत होतं, आणि ‘देणार’ आणि ‘देता येईल’ यांच्या मधल्या फटीत एखाद्याचं अख्खं घर जाऊ शकतं ते कोणाला दिसत नाही. (सरकारी मराठीतलं ‘देण्यात येईल’ त्याहून बेरकी. त्यात क्रियापद असतं, कर्ता पळालेला असतो.)

वाण्याला आपण यादी देतो, ‘साखर २, तूरडाळ १, तूप अर्धा’. क्रियापद नाही, कर्ता नाही, तरी काही अडत नाही, कारण वाण्याला आपण माहिती, आपल्याला वाणी माहिती, आणि चूक झाली तर डाळ बदलून मिळते. बुलेट अशा ठिकाणी शोभतात. जिथे दोन्ही बाजूंना आधीच सगळं माहिती आहे तिथे. आमच्या पार्किंगमध्ये एका बाजूला सगळं माहिती असलेला एकच मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला ३२ घरं.

पॉवरपॉइंटचा जन्म बघितला तर यात नवल नाही. १९८७ ला ते मॅकसाठी आलं ते ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट बनवायला, म्हणजे शेजारी एक माणूस उभा राहून बोलणार हे गृहीतच. माणूस गेला की उरतो तो मास्तर नसलेल्या वर्गातला फळा. वेबपेजचं उलटं आहे. १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला तो मुळी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर पडलेले कागद लिहिणारा समोर नसतानाही दुसऱ्याला वाचता यावेत म्हणून. एक बोलणाऱ्यासाठी, एक नसलेल्या माणसासाठी. म्हणून पीपीटीचं पेज करायचं म्हणजे नुसता फाइलचा प्रकार बदलायचा नसतो, जो माणूस तिथे उभा राहून बोलला त्याचं बोलणं लिहून काढायचं असतं. अर्धा ऐवज त्या मुलाबरोबर त्याच्या बाइकवरून निघून गेला होता.

तर मी बसले. पीपीटीएक्स फाइल ही आतून झिप असते, नावाचं शेपूट बदलून झिप केलं की उघडते, आत प्रत्येक स्लाइडचा मजकूर वेगळा, फोटो वेगळे. म्हटलं मजकूर उचलू आणि पेजवर टाकू. निम्म्या स्लाइड जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये! ज्यांनी डीटीपी केलंय त्यांना माहितीये, या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे फक्त दिसायला मराठी असतं, कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच, त्यावर मराठी चित्र चढवलेलं. तो फॉन्ट ज्याच्या फोनमध्ये नाही त्याला चिवडा दिसणार. कन्व्हर्टर लावला तर वेलांट्या उड्या मारायला लागल्या, कारण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचं नेमकं उलटं. शेवटी हाताने टाइप केलं. त्यात एरियाचा तक्ता म्हणजे एक्सेलचा स्क्रीनशॉट, फोटोच तो, त्यातले आकडे एकेक वाचून भरले, सव्वा बारा वाजले तेव्हा नवरा म्हणाला, अगं पीएमसी तू की तो.

ज्या स्लाइडचा मजकूर निघाला त्याचा क्रम उलटासुलटा. आपल्याला डोळ्यांनी वरून खाली दिसतं, पण फाइलमध्ये बॉक्स ज्या क्रमाने टाकले त्या क्रमाने असतात, शीर्षक शेवटी चिकटवलं असेल तर ते शेवटी येतं. आपलं काही बिघडत नाही. पण आमच्या विंगमध्ये एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, बँकेत नोकरी करतो, फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, लावून सगळं भराभर ऐकतो, इतकं भराभर की आपल्याला शब्द कळत नाहीत. त्याने ती पीपीटी उघडली तर एरियाच्या तक्त्यावर फोन त्याला म्हणाला, ‘इमेज’. पुढे सरकला, ‘इमेज’. त्याचं घर किती फुटांचं होणार याचं उत्तर त्याला मिळालं ते ‘इमेज’. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, मत त्याचं आहे. पेजवर तोच तक्ता खरा तक्ता म्हणून टाकला, ओळींना शीर्षकं दिली, फोटोंमागे दोन ओळींचं वर्णन लिहिलं, आणि त्याने सात-आठ मिनिटांत सगळं ऐकून मला फोन करून विचारलं की रेरा कार्पेट धरलंय की जुनं कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ मोजायच्या या दोन पद्धती), कारण दोन ठिकाणी आकडा वेगळा आहे. ४२ स्लाइड डोळ्यांनी बघणाऱ्या आम्हा कोणालाच हे दिसलं नव्हतं.

मग नोट्सची गोष्ट. पीपीटीत स्लाइडच्या खाली बोलणाऱ्यासाठी नोट्स लिहायची सोय असते आणि फाइल पाठवताना त्या काढायच्या राहतात, आमच्या ऑफिसमध्ये पण राहतात, मी स्वतः एकदा त्यापायी बोलणी खाल्लीयेत. स्लाइड १९ वर होतं ‘भाडं – बाजारभावाप्रमाणे’. खाली नोट्समध्ये: ‘पहिले २४ महिने. पुढचं विचारलं तर वाटाघाटी सांगणे.’ बघा, इथे क्रियापद आहे! सगळं वाक्य आहे, फक्त ते आमच्यासाठी नव्हतं. वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही, प्रत्येक बोलणारा माणूस असं टिपण करतो, आणि ते जसंच्या तसं पेजवर टाकणंही मला बरं वाटलं नाही, चोरून वाचल्यासारखं. मी सरळ पीएमसीला मेल केला की भाड्याचं पूर्ण वाक्य काय लिहू. कितव्या महिन्यापर्यंत, दर वर्षी किती वाढ, काम लांबलं तर कोण भरणार. काकांचा गेटपाशी विचारलेला प्रश्न हाच होता.

अशा एकूण सतरा जागा निघाल्या जिथे वाक्य पुरं करता येईना. ‘बँक गॅरंटी – नियमानुसार’ ही त्यातली एक. नियम काय तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश, त्यात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी बिल्डरने द्यायची असं आहे. मग ‘बिल्डर प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक गॅरंटी देईल’ असं लिहायला काय जातं? एका ओळीत बसतं की. पण ‘नियमानुसार’ म्हटलं की कोणी विचारत नाही कुठला नियम, उलट नियम म्हटल्यावर जरा धीरच येतो.

इथे कोणीतरी म्हणणारच, एवढं कशाला, बटण दाबा की. होतं ना बटण. पॉवरपॉइंटमध्ये बरीच वर्षं ‘सेव्ह ॲज वेब पेज’ होतं, २०१० च्या व्हर्जनमध्ये मेनूतून काढून टाकलं, आणि मला विचाराल तर फार कोणी रडलं नसेल, कारण त्यातून निघायच्या त्या त्याच स्लाइड, फक्त ब्राउझरमध्ये, डावीकडे यादी आणि इंटरनेट एक्स्प्लोररशिवाय नीट न दिसणाऱ्या. आजही बरीच टूल्स हेच करतात, प्रत्येक स्लाइडचा फोटो काढून एकाखाली एक लावतात आणि म्हणतात घ्या वेबपेज. ते पेज नाही, पीपीटीचा अल्बम आहे तो.

आणि आता एआय. हे मात्र सांगायलाच पाहिजे. तिसऱ्या रात्री कंटाळून मी ती फाइल एआयला दिली आणि म्हटलं याचं मराठी वेबपेज करून दे. दोन मिनिटांत दिलं, दिसायला माझ्यापेक्षा शंभरपट देखणं, शुद्धलेखन चोख. स्लाइड ११ चं त्याने लिहिलं, ‘विकासक प्रत्येक सभासदास कॉर्पसची रक्कम तीन समान टप्प्यांत अदा करेल.’ तीन? समान? अदा करेल? फाइलमध्ये कुठेही तीन नाही. त्याला क्रियापद हवं होतं, त्याने बनवलं. तेच जर मी ग्रुपवर टाकलं असतं तर आठ दिवसांत ३२ घरांनी ‘तीन टप्पे’ पाठ केले असते आणि वर्षभराने भांडण माझ्या दारात. मोकळी जागा दिसते तरी, भरलेली खोटी जागा दिसतच नाही. त्यामुळे टायपिंगला, वेलांट्या दुरुस्त करायला एआय घ्या, मीही घेतला, पण क्रियापद त्याच्याकडून घेऊ नका, ते ज्याने शब्द दिलाय त्याच्याकडूनच आलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल सोसायटीच्या मीटिंगवरून केवढा गहजब. मग मोठं उदाहरण घ्या. १६ जानेवारी २००३ ला नासाचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं तेव्हा बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनिअर लोकांनी नुकसानीचा अंदाज बांधून वरिष्ठांना दाखवला, स्लाइडवर. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं, आणि सगळ्यात खाली बारीक ओळीत असं की चाचणीतले तुकडे ३ घनइंचाचे होते आणि हा अंदाजे १९२० घनइंचाचा. ६४० पट! १ फेब्रुवारीला यान परत येताना तुटलं, कल्पना चावलासकट सातही जण गेले. चौकशी मंडळाने ऑगस्टमध्ये अहवाल दिला त्यात तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरायच्या नासाच्या सवयीवर नाव घेऊन टीका आहे. यान स्लाइडमुळे पडलं नाही, फोममुळे पडलं. पण तो १९२० चा आकडा एका सरळ वाक्यात, वरती, ‘हा तुकडा आपण तपासलेल्या तुकड्यांपेक्षा सहाशे पट मोठा आहे आणि त्याने काय होईल हे आपल्याला माहिती नाही’ असा लिहिला असता तर खोलीत कोणीतरी खुर्चीत नीट बसलं असतं.

आपल्याकडे हे मागायला कायदा नवीन लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ नुसतं माहिती जाहीर करा म्हणून थांबत नाही, ४(४) मध्ये स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल ती पद्धत लक्षात घ्या असंही म्हणतं. आज ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात परिणामकारक पद्धत कुठली ते ७.५२ च्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभं राहून बघा, सगळ्या माना फोनमध्ये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माहिती सगळ्यांना वापरता येईल अशी द्या म्हणतं. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. आणि तरी आपण कुठल्याही सरकारी साइटवर ‘सादरीकरण’ अशी लिंक दाबली की काय उतरतं? स्लाइडची पीडीएफ, त्यातही बऱ्याचदा छापून परत स्कॅन केलेली, वाकडी, शोधता येत नाही, ऐकता येत नाही, आणि प्रत्येक ओळ क्रियापदाशिवाय. ‘रस्ते काँक्रिटीकरण – प्रगतिपथावर’. कुठला रस्ता, कधी संपणार, कोण करतंय? घोडबंदर रोडला रोज दीड तास अडकणाऱ्या माणसाला ‘प्रगतिपथ’ हा शब्द वाचून काय वाटत असेल ते मी इथे लिहीत नाही.

विरोधातला एक मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो आमच्या खजिनदारांनी काढला. पीपीटी एकदा ग्रुपवर पडली की पडली, ३२ फोनमध्ये तिची प्रत आहे, कोणाला बदलता येत नाही. पेज तर गुपचूप बदलता येतं, आज ‘देणार’ उद्या ‘देता येईल’, आणि सकाळी बघणाऱ्याला पत्ताच नाही. खरं आहे. बिल्डरच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पेजवर तर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून आमच्या पेजवर मी वरतीच तारीख टाकते, खाली काय बदललं ते तारखेसकट लिहिते, आणि प्रत्येक बदलाची पीडीएफ ग्रुपवर टाकते. थोडी कटकट आहे. दुसरा आक्षेप, एवढं लांब कोण वाचणार, तर तो मला पटत नाही. लोक व्हॉट्सॲपवर हळदीच्या काढ्याचे पानभर फॉरवर्ड शेवटपर्यंत वाचतात, स्वतःच्या घराचं वाचणार नाहीत? आणि सभासदांची नावं, कोणाचा फ्लॅट किती, असलं काही उघड्या पेजवर टाकायचं नाही, हे सांगायला नको.

स्लाइड वाईट असं माझं म्हणणं नाही, माझी रोजीरोटी आहे ती. नकाशे, नव्या बिल्डिंगचं चित्र, सळ्यांचे फोटो, हे पडद्यावरच बघावं, सगळ्यांनी एकदम बघावं, कोणीतरी उठून पडद्यावर बोट ठेवून ‘हा कॉलम कुठे गेला’ विचारावं. फोनवर त्यात मजा नाही.

सध्या आमच्या पेजवर सतरापैकी तेरा वाक्यं पुरी झालीत. त्यासाठी पीएमसीला पाच मेल आणि मोजले नाहीत इतके फोन झाले, तो मुलगा आता माझा नंबर बघून लगेच उचलत नाही. चार वाक्यं अर्धी आहेत, त्यात भाड्याचं पण आहे, ती मी पिवळ्या रंगात ठेवलीयेत आणि पुढे लिहिलंय, ‘उत्तर आलेलं नाही’. काका रोज सकाळी लिंक उघडून पिवळं किती राहिलं ते बघतात. काल सेक्रेटरी जिन्यात भेटले, म्हणाले, "वहिनी, तेवढं पिवळं काढून टाका ना, रविवारी बिल्डर येणारे, बरं नाही दिसत."

म्हटलं, उत्तर आलं की काढते.